पद्मिनीला पार्ट बसवतोय की पार्टांना पद्मिनी?

शाहूपुरीकर

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांचं साठलंय, धागा जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या घरची १९७९ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८८ साली सेकंडहँड घेतली, २०१५ पर्यंत चालवली आणि मग शेडमध्ये उभी केली ती केलीच. दोन वर्षांपूर्वी मी ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. इंजिनाने फार त्रास दिला नाही. १०८९ सीसीचं साधंसरळ इंजिन. रिंगा बदलल्या, हेड फेसिंग करून घेतलं, स्टार्ट झालं. मला वाटलं अवघड काम उरकलं. खरी कटकट सुरू झाली ती 'नवीन' पार्ट घरी आणल्यावर.

परवाचीच गोष्ट. किंगपिनचं (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) किट आणलं. डबा चकचकीत, वर होलोग्राम. बुश (पिनेभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या) प्रेसवर बसवले, पिन घातली, चाक लावलं. ग्रीसचा पंप निपलला लावून दाबला, तर ग्रीस आत जायच्या ऐवजी बाजूने बाहेर, थेट माझ्या मनगटावर. बाबा स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "निपल बदल." बदललं. तेच. मग सगळं परत खोललं, बुश काढून उजेडात धरलं. बुशाचं भोक निपलच्या भोकासमोर नव्हतंच. चंद्रकोर दिसावी एवढी फट जुळत होती. आतून ग्रीस फिरायला जी खाच असते ती अर्ध्यातच संपलेली. तसंच चालवलं असतं तर पिन कोरडी फिरून स्टिअरिंग दगड झालं असतं, आणि मी दोष दिला असता स्टिअरिंग बॉक्सला.

शिवाय पिन बुशातून जाईना, रीमर (भोक मापात मोठं करायचं हत्यार) मारावा लागला. यात बुशाची चूक नाही, दाबून बसवला की तो आत आवळतो, रीमर मारायचाच असतो. पण डब्यावर छापलं होतं 'रीमिंगची गरज नाही'.

दुसरं, पुढचं डावं मडगार्ड. काळ्या प्रायमरमध्ये आलं. हेडलाइटची रिंग जिथे बसते तिथली गोलाई चपटी, आणि बोल्टच्या सहा भोकांपैकी चार जुळली. डेंटर म्हणाला, "सायेब, पुट्टीत काढतो की." पुट्टीतच काढायचं तर जुनं काय वाईट होतं? जुनं मडगार्ड फक्त खालून सडलेलं, वरची गोलाई शाबूत. शेवटी उलटं केलं. नव्याचा खालचा वीतभर भाग कापून जुन्याला वेल्ड केला. थोडक्यात, कोल्हापुरातला सगळ्यात महाग पत्रा मी विकत घेतला.

तिसरं, दारांची रबरं. लाकडासारखी. दार लावायला खांदा द्यावा लागतो. धाकटी विचारते, "बाबा, या गाडीचं दार रागावूनच लावायचं असतं का?"

तर आता माझं मत असं झालंय की डब्यातून निघतो तो पार्ट नव्हे, कच्चा माल. व्हर्नियर, कानस आणि लेथवाल्याचा नंबर हाताशी असल्याशिवाय डबा फोडायचा नाही. तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ब्रेकचे, कारण पुढच्या आठवड्यात ड्रम उघडतोय.

टॅक्सीवाल्याचा पोरगा

दादा, एकेक अक्षर पटलं. आमच्या पप्पांनी मुंबईत एकोणतीस वर्षं काळी-पिवळी हाणली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला रजिस्टर झालेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्ता बंद. पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. ते असो.

सांगायचं हे की टॅक्सीलाईनमध्ये नवीन पार्टावर कुणाचा भरवसाच नव्हता. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या लिंकेजचे बुश घ्या. झिजले की दुसरा-तिसरा लागता लागत नाही, कधी दोन गिअरच्या मध्येच अडकतं. बाजारातला बुश टाकला तर पंधरा दिवस मस्त, मग पुन्हा तीच बोंब. आमचा मिस्त्री नायलॉनचा दांडा आणून लेथवर बुश काढून द्यायचा. ते दोन-दोन वर्षं टिकायचे.

आणि टॅक्सीचा उतरवलेला पार्ट घेणार असाल तर डोळे उघडे ठेवून. तो ओरिजिनल असतो हे खरं, पण त्याने किती लाख किलोमीटर बघितलेत ते तो बोलून दाखवत नाही.

इंजिनबदलू

एवढा आटापिटा कशाला? मारुतीचं इंजिन-गिअरबॉक्स टाका, पुढे डिस्क ब्रेक टाका, मोकळे व्हा.

शाहूपुरीकर

@इंजिनबदलू, किंगपिन, मडगार्ड आणि दाराचं रबर मारुतीच्या इंजिनाने कसं सुटेल तेवढं सांगा, लगेच टाकतो :)

उद्यमनगरी

शाहूपुरीकर, भावा, तुझ्यापासून दोन किलोमीटरवर शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नशॉप आहे (ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवतो), वडिलांपासून. भोकं का जुळत नाहीत ते ऐक.

ड्रॉइंग कुणाकडेच नसतं. कोणीतरी जुना पार्ट घेऊन येतो आणि म्हणतो, "असाच पाहिजे." आता धातू ओतला की थंड होताना आक्रसतो. बीड (ओतीव लोखंड) साधारण १ टक्का, ॲल्युमिनियम १.३ टक्का. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टी मुद्दाम तेवढी मोठी काढलेली असते. पण ज्याला घाई आहे तो पॅटर्न करतच नाही, जुना पार्टच मातीत दाबतो आणि त्यावर ओततो. १०० मिलिमीटरचा पार्ट ९९चा झाला. वर तो मुळात झिजलेला होता, ती झीजही नव्या पार्टात उतरली. पाच वर्षांनी दुसरा कोणी हा ९९वाला घेऊन तिसऱ्या फाउंड्रीत जातो. तिथे ९८. म्हणजे पार्ट पिढीजात बुटके होत जातात. तू बाजारातून आणलास तो बहुतेक नातू असणार.

वॉटर पंपाच्या बॉडीत हा घोळ लई बघितलाय. तोंड जुळत नाही म्हणून लोक दोन गॅस्केटं टाकतात, मग पंख्याचं अंतर वाढतं, पाणी नीट फिरत नाही, आणि गाडी घाटात तापली की रेडिएटरला शिव्या.

नानापेठी

सगळे मिळून आम्हा दुकानदारांना धुताय, म्हणून लिहितो. पुण्यात नाना पेठेत स्पेअरचं दुकान आहे, तिसरी पिढी.

गिऱ्हाईक येतं, ब्रेकचं किट मागतं. मी तीन प्रकार काउंटरवर ठेवतो. दीडशेचं, चारशेचं आणि साडेसातशेचं. कुठलं कसं ते तोंडाने सांगतो. दहातले आठ जण दीडशेचं उचलतात. साडेसातशेचं घेणारा महिन्यात एखादा. आता तुम्हीच सांगा, बनवणारा काय बनवेल? एके काळी कुठलाही पार्ट हजारांनी खपायचा. आज वर्षाला चाळीस नग गेले तरी डोक्यावरून पाणी. चाळीस नगांसाठी नवी डाय (साचा) कोण करणार? जुनीच डाय घासत घासत चालवतात.

होलोग्रामचं मात्र खरं आहे. होलोग्राम पार्टापेक्षा चांगला छापतात हल्ली.

नाशिकचा_नवखा

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद, चूक असेल तर सांभाळून घ्या. माझी १९८४ची पद्मिनी. पुढच्या चाकाचा ब्रेक होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) नवीन आणला. चाकाच्या ब्रेक सिलेंडरमध्ये हाताने अगदी सहज फिरतो, थोडा लूज वाटतो. शेवटी पान्याने आवळला तर बसतो. दोन वेढे टेफ्लॉन टेप लावली तर चालेल ना? उद्या त्र्यंबकला जायचा विचार आहे.

टॅक्सीवाल्याचा पोरगा

भाऊ, थांब. गाडी हलवू नको.

उद्यमनगरी

@नवखा, त्र्यंबक रद्द कर.

ब्रेकच्या जोडाला टेप कधीच लावायची नाही. तिथली गळती आटे थांबवत नाहीत, टोकाचा सीट थांबवतो. आट्यांचं काम फक्त तो सीट दाबून धरायचं. टेप लावून फक्त लूजपणा लपेल, आणि टेपचा तुकडा आत गेला तर वेगळंच दुखणं.

मला दिसतंय ते असं. पद्मिनी म्हणजे फियाटच, मूळची इटलीची, आटे मेट्रिक. तुला दुकानात मिळाला असेल इंची आट्यांचा होज, अँबॅसिडर-हेराल्डच्या बरणीतला. त्या गाड्या मुळात इंग्लंडच्या. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि तुझं भोक १० मिलिमीटरचं. इंचाला २४ आटे म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.०६ मिलिमीटर. मेट्रिकमध्ये १चा पिच असतो. डोळ्यांना फरक कळत नाही, हाताला सहज फिरतो, पान्याने आवळला तर बसल्यासारखाही वाटतो. आणि घाटात एकदा कचकन पाय दाबलास की आट्यांची टोकं सोलून होज बाहेर. पुढचा मागचा एकच सर्किट, पेडल थेट जमिनीला.

थ्रेड गेज (आटे मोजायच्या पट्ट्या) स्वस्तात मिळतो. लेथवाल्याकडे असतोच. लावून बघ आणि इथे सांग.

रबरकाम_ठाणे

ब्रेकचा विषय निघालाय तर माझं क्षेत्र आलं. रबर कंपाउंडिंगमध्ये बावीस वर्षं आहे.

पहिली चूक आपण स्वतः करतो. सिलेंडर खोलला की सगळं पेट्रोलमध्ये धुतो, हातासरशी नवे रबरी वॉशरही बुचकळतो. ब्रेक ऑइल नावाला ऑइल, ते ग्लायकॉल असतं. त्यात टिकणारं रबर पेट्रोल-डिझेल-ग्रीसमध्ये फुगतं. पेट्रोल-ऑइलमध्ये टिकणारं नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. काळं रबर काळंच दिसतं, बाहेरून काही कळत नाही. हलक्या किटमध्ये चुकीचं रबर निघाल्याचं मी पाहिलंय. ब्रेक आठ दिवस उत्तम लागतात, मग पिस्टन परत येत नाही, ड्रम तापतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर किटमधला एक वॉशर व्हर्नियरने मोजा, काचेच्या बाटलीत ब्रेक ऑइलमध्ये बुडवून दोन-तीन दिवस ठेवा, पुन्हा मोजा. किंचित वाढेल, ते ठीक. पण बोटाला गिळगिळीत लागला किंवा डोळ्यांनी मोठा दिसला तर अख्खं किट कचऱ्यात. एका वॉशरचं नुकसान होतं, होऊ दे.

शाहूपुरीकर, तुमच्या दाराच्या रबराचं कारणही सांगते. जुनी बीडिंग आतून स्पंजसारखी, दाबली जाणारी. आताची भरीव, त्यात रिसायकल केलेलं रबर आणि भुकटी जास्त, म्हणून कडक. उन्हात ठेवून ती मऊ होत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. स्पंज बीडिंग मीटरवर मिळते, तुमच्या जुन्या बीडिंगचा दोन इंच तुकडा घेऊन जा आणि आडव्या कापाचा आकार जुळवा. थोडी बारीक चालेल, जाड नको.

आणि पंपावर आता मिळतं ते ई२०, २० टक्के इथेनॉल. जुन्या पद्धतीचे पेट्रोल पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) त्याला पुरत नाहीत. पाइपवर 'एसएई जे३० आर९' छापलेला असेल तर आतला थर इथेनॉलला दाद देत नाही. दर मीटर महाग आहे. पण लागतो किती, दीड-दोन मीटर.

लीड्सचा_चिपळूणकर

अरे वा, पद्मिनीचा धागा! आमच्याकडे इथे १९६८ची मॉरिस मायनर आहे. तुम्हाला वाटेल इंग्लंडात सगळं सुखाचं असेल. पार्ट सगळे मिळतात, हे खरं. एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारची तर अख्खी नवी बॉडी मिळते, १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजवाले मूळ कारखान्याच्याच डाय वापरून बनवतात. पण बारीक पार्टांत इथेही तीच रड. डिस्ट्रिब्युटरमधला (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) फिरता रोटर बघा. पितळी पट्टी धरायला जो रिव्हेट ठोकतात त्याच्या खाली प्लास्टिक कागदाएवढं पातळ राहतं. गाडी तापली की ठिणगी कॅपकडे न जाता रिव्हेटमधून खाली शाफ्टमध्ये. गाडी बंद. गार झाली की चालू. मी हिमवर्षावात एम ६२ मोटरवेच्या कडेला दोनदा उभा राहिलोय, बायकोसकट. दुसऱ्या खेपेला ती काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट. आता इथे बिनरिव्हेटचे रोटर मिळतात, गेली चार वर्षं एकच चालू आहे.

एक उलटी बाजू मात्र लक्षात ठेवा. 'जुना स्टॉक, कंपनी पॅक' म्हटलं की आपण पाघळतो. लोखंडी पार्ट असेल तर जरूर घ्या. पण तीस वर्षं डब्यात पडलेलं रबर तीस वर्षांचंच असतं.

रबरकाम_ठाणे

+१. हेच लिहायचं राहिलं होतं.

इंदापूरवाट

लीड्सकरांसारखंच माझं, फक्त बर्फाऐवजी ऊन. सोलापूरहून पुण्याला येताना पद्मिनी भिगवणजवळ बंद. वीस मिनिटांनी चालू. यवतला पुन्हा बंद. प्रत्येक ढाब्यावर एक नवा तज्ज्ञ. पेट्रोल उकळतंय म्हणून गाडीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं, कोणी टाकीचं झाकण सैल करायला लावलं. घरी आल्यावर मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) दाखवले. निळे-काळे पडलेले. दोष नव्या कंडेन्सरचा. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये आणि कॉइलला झटका नीट बसावा, एवढं त्याचं काम. आतली गुंडाळी ढिली असेल तर गार असताना काम करतो, तापला की राम म्हणतो. अडीचशे रुपयांचा पॉइंट-सेट नवा घातला होता, प्रवासाच्या आदल्या दिवशी. 'रस्त्यात त्रास नको' म्हणून!

नाशिकचा_नवखा

सगळ्यांचे खूप आभार. लेथवाल्याने गेज लावला. होज इंची, २४ आट्यांचा. सिलेंडर मेट्रिक. त्याने पान्याशिवाय नुसता हाताने ओढून दाखवला, दोन आट्यांवर असताना सरळ बाहेर आला. मला रात्री झोप लागली नाही. बरोबर होज मिळाला, पण सिलेंडरच्या तोंडाचे आटे थोडे दबलेत. ते कसं करू?

उद्यमनगरी

सिलेंडर बदल. इथे 'थोडे' वगैरे नसतं.

नानापेठी

@नवखा, नवा सिलेंडर घेतलास की आतून बोट फिरव. कित्येकांत आत बारीक रेघा राहिलेल्या असतात, होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) केलेलं नसतं. नखाला रेघ लागली तर परत कर. माझ्याच दुकानातून घेतला असलास तरी परत कर. तुझा जुना सिलेंडर चांगला असता तर आत स्टेनलेसची स्लीव्ह घालून घे म्हटलं असतं, ते नव्यापेक्षा भारी पडतं. पण आटे गेले म्हटल्यावर विषय संपला.

शाहूपुरीकर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. ड्रम उघडले.

वॉशर बाटलीत टाकायची चाचणी केली. चारातलं एक किट नापास. मंगळवारी जेवढा होता त्यापेक्षा शुक्रवारी डोळ्यांना मोठा दिसत होता, सौंनी बाटली बघून विचारलं की लोणचं आहे का.

ब्रेकचे शू नव्या लायनिंगचे (ड्रमला घासणारा थर) आणले होते. बाबांनी शाळेतला पांढरा खडू आणायला लावला. लायनिंगभर खडू फासला, ड्रम चढवला, हाताने चार फेरे दिले, ब्रेक जरा टेकवला आणि काढून बघितलं. खडू पुसला गेला होता फक्त मधोमध, दोन बोटं रुंद. बाकी सगळा तसाच पांढरा. म्हणजे एवढ्या मोठ्या लायनिंगमधली दोन बोटंच ब्रेक लावणार होती. शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान. उद्यमनगरात ड्रमच्या मापाला घासून घेतले, पुन्हा खडू, पुन्हा घासणं. चौथ्या खेपेला खडू टोकापासून टोकापर्यंत पुसला. बाबा म्हणाले, "आता हाय बघ." रविवारी रंकाळ्याला फेरी मारून आलो, बाबा स्वतः चालवत होते. ब्रेक सरळ लागतो, कुठे ओढत नाही.

येताना मात्र ताराराणी चौकात सिग्नलला बंद पडली. तापून. इंदापूरवाट यांचा प्रतिसाद आठवला. कंडेन्सर माझाही नवाच होता. बाबा काही न बोलता घरात गेले आणि माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून आणला. मला त्याचा पत्ताच नव्हता. १९८८ पासून गाडीतून जे जे उतरवलं ते सगळं त्यात. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. 'चालू होता, उगाच बदलला, १९९४' अशी चिठ्ठी असलेला कंडेन्सर निघाला. बसवला. काल जोतिबाला जाऊन आलो, चढावर एकदाही नाटक नाही.

डब्यात एक वस्तू मात्र आम्हा दोघांनाही ओळखू येईना. चिठ्ठीची शाई उडालीय. पितळी, अंगठ्याएवढी, एका बाजूला चपटी, आतून तेलाची बारीक खाच. कोणाला कळतंय का?

टॅक्सीवाल्याचा पोरगा

पप्पांना वर्णन वाचून दाखवलं. म्हणाले गिअर लिंकेजचा बुश वाटतोय, पण हातात घेतल्याशिवाय शप्पथ घेणार नाही. फोटो टाका. आणि टाकून देऊ नका.

नानापेठी

शाहूपुरीकर, तो डबा अख्खा द्यायचा असेल तर सांगा. किंमत तुम्ही बोला.

शाहूपुरीकर

बाबांना विचारलं. त्यांनी डबा परत माळ्यावर ठेवलाय आणि शिडी शेजारच्यांकडे नेऊन दिलीय.